यादी तुमची, हिशोब आमचा : शाळांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
शाळांची व्यवस्थापने, मुख्याध्यापक आणि गणवेश व साहित्याच्या याद्या ठरवणाऱ्या समित्या

विषय : नव्या वर्षाची साहित्ययादी आणि तिच्यापायी होणारा, टाळता येण्याजोगा खर्च

स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायला आठ-दहा दिवस उरले की एक कागद घरी येतो. गणवेश दोन जोड, पीटीचा वेगळा, बूट काळे, बूट पांढरे, वह्या इतक्या, कव्हरं अमुक रंगाची, रंगपेटी, कंपासपेटी, दप्तर. आणि खाली तळटीप : ‘सर्व साहित्य पहिल्या दिवशी सोबत असावे.’ तुमच्या लेखी ही साधी सूचना असेल. आमच्या लेखी ते आमच्या पैशांचं, तुम्ही मंजूर केलेलं अंदाजपत्रक आहे. मंजूर करणाऱ्याला त्यातला एक पैसा भरायचा नसतो आणि भरणाऱ्याला एक ओळही खोडता येत नाही.

तेव्हा अंदाजपत्रक करताच आहात तर त्याची शिस्तही पाळा, एवढंच आमचं म्हणणं आहे. प्रत्येक ओळीपुढे नग किती, दर्जा कोणता, कधीपासून लागणार, किती दिवस पुरणार आणि कशासाठी, हे लिहा. ज्या ओळीपुढे हे लिहिता येत नाही ती ओळ यादीत नको.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे पालक आहोत. आमच्यात कपडे शिवणारे आहेत, वह्या-कागदाच्या व्यवहारात वर्षं काढलेले आहेत आणि घराचा जमाखर्च ओढत नेणारे तर सगळेच आहोत. खर्च परवडत नाही हे सांगायला आम्ही आलेलो नाही. यातला बराचसा खर्च कुणाच्याच उपयोगी पडत नाही, हे मापं टाकून दाखवायला आलो आहोत.

यादी येण्याच्या वेळेपासूनच सुरुवात करू. वर्षाची खरेदी एका क्रमाने केली तर झेपते. आधी घरात झडती : कोणत्या वह्या अर्ध्या कोऱ्या आहेत, कोणता शर्ट अजून अंगाला येतो, कंपासपेटीत काय शिल्लक आहे. मग न वाढणाऱ्या वस्तू, म्हणजे वह्या, पट्टी, डबा, दप्तर. या दोन महिने आधी घेतल्या तरी बिघडत नाही. मग शाळेच्या दोन-तीन आठवडे आधी कपडे, म्हणजे तुरपाई-काजबटणाला वेळ राहतो. बूट सगळ्यात शेवटी. असं केलं तर खर्च दोन-तीन पगारांवर वाटला जातो. यादी आठ दिवस आधी आली की चारही कामं एकाच सुटीच्या दिवशी अंगावर पडतात. त्या दिवशी मधली मापं संपलेली असतात, म्हणून एक माप मोठं उचललं जातं. शिंप्याकडे रांग असते, म्हणून तयार मिळेल ते घेतलं जातं. झडतीला उसंत नसते, म्हणून घरात तीन पट्ट्या असताना चौथी येते.

काही शाळांनी यावर उलटा उपाय काढला आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीलाच मुलांची मापं घ्यायची आणि गणवेश सुटीनंतर द्यायचा. यात हेतू चांगला असला तरी हिशोब चुकतो. सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वयात येतानाच्या झपाट्यात हाच वेग मुलींमध्ये ८ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे महिन्याला पाऊण सेंटिमीटर. या झपाट्यातल्या मुलाचं चार महिन्यांपूर्वीचं माप कपडा हातात पडेपर्यंत तीन सेंटिमीटर मागे पडलेलं असतं. यादी लवकर द्या आणि मापं उशिरा घ्या. सध्या नेमकं याच्या उलट चाललं आहे.

आता ‘गणवेश दोन जोड’ या ओळीकडे या. हा दोनाचा आकडा कुठून आला? किती जोड लागतात हे घरच्या धुण्यावर ठरतं. रोज धुणं होत असेल आणि कपडा रात्रीत वाळत असेल तर एका जोडावर भागतं, दुसरा हाताशी असला म्हणजे झालं. एक दिवसाआड धुणं आणि वाळायला एक दिवस असेल तर तीन लागतात. आठवड्यातून एकदाच धुणाऱ्या घरात पाच दिवसांच्या शाळेला पाच. हे घराघरात बदलणारच, त्यामुळे जोडांचा आकडा यादीत नसलेलाच बरा.

तुमच्या हातात असलेला आकडा वेगळा आहे : गणवेशाचे प्रकार किती. ४० आठवडे आणि पाच दिवसांची शाळा धरली तर वर्षाचे २०० दिवस होतात. एकच गणवेश असेल तर तीन जोडांत वर्ष निघतं आणि प्रत्येक जोड ६६-६७ वेळा अंगावर चढतो. यातच आठवड्यातून एकदा पीटीचा पोशाख आणि एकदा गटाच्या रंगाचा टी-शर्ट आला की त्याच २०० दिवसांना चार जोड लागतात आणि यातले दोन जेमतेम ४० वेळा वापरले जातात. एका प्रकारचे तीन जोड एकमेकांच्या अडचणीला धावून येतात. वेगवेगळ्या प्रकारांचे एकेक जोड कुणाच्याच मदतीला येत नाहीत. पीटीचा पोशाख ओला राहिला तर कपाटात बाकीचे तीन घडी घातलेले असूनही मूल नियमबाह्य ठरतं. आणि समारंभापुरता कोट? वर्षात पाच वेळा अंगावर येणाऱ्या कोटाची किंमत समजा रोजच्या एका जोडाइतकीच धरली, तरी दर वापरामागे तो तेरा पट महाग पडतो. प्रत्यक्षात तो महागच असतो आणि पुढच्या वर्षी खांद्यात बसत नाही.

कापडाबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण गळती सगळ्यात जास्त इथेच आहे.

‘पँट, गडद निळी’ ही ओळ दर्जाविषयी काहीच सांगत नाही. शर्टाला पॉलिस्टर-कॉटन ६५:३५ किंवा ६७:३३ चं मिश्रण टिकतं, लवकर वाळतं, इस्त्री कमी मागतं. पँटीला, स्कर्टला पॉलिस्टर-व्हिस्कोस चालतं. घाम येणाऱ्या हवेत सुती कापड अंगाला केव्हाही बरं, पण आधी आटवून न घेतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. ७० सेंटिमीटरच्या पायाच्या लांबीत ते २ ते साडेतीन सेंटिमीटर झाले. मुलाची वर्षाची उंची ५-६ सेंटिमीटर वाढली तर निम्म्याच्या आसपास वाढ पायांत होते. म्हणजे एका धुण्याने मुलाची अख्ख्या वर्षाची वाढ खाल्ली! कापड बेतण्याआधी भिजवून वाळवून घेतलं तर हे टळतं. तयार कपड्यात ते कुणी केलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून कापडाचं मिश्रण, वजन (शर्टाला दर चौरस मीटरला साधारण ११० ते १३० ग्रॅम, पँटीला २०० ते २५०) आणि आटण्याची मर्यादा यादीत यायला हवी. ती आली की पालक कुठूनही कापड आणू शकतील आणि तुम्हालाही दर्जाची खात्री राहील.

रंगाचंही तसंच आहे. रंगाईच्या दोन लॉटांत, म्हणजे वेगवेगळ्या खेपांत, छटा थोडी वेगळी येते, हे कापडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शिवाय दोन कापडं दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात वेगळी दिसतात, कारण रंगद्रव्यं वेगळी असली की प्रकाश बदलताच छटाही बदलते. ‘रंग जुळत नाही’ म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढण्यापूर्वी तुमच्याच वर्गातल्या मुलांना मैदानात एका ओळीत उभं करून बघा. एका ठरलेल्या ठिकाणाहून घेतलेल्या गणवेशांतही दोन-तीन निळे रंग सापडतील. मान्य कापडाचे १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कार्यालयात ठेवा, मागेल त्याला एक द्या, दिवसाच्या उजेडात जुळवा आणि थोडा फरक चालेल असं लिहून टाका.

बोधचिन्ह खिशावर, कॉलरवर, मोज्यांवर, पट्ट्यावर भरतकामाने उमटवण्याची हौस आवरा. चिन्ह कापडावरच भरलं की साधा शर्ट घेण्याची वाट बंद होते; ती बंद व्हावी म्हणूनच चिन्ह भरलं जातं, असं म्हणणारेही आहेत. हातशिलाईने लावायचा सुटा बिल्ला द्या. कडेने टाके घातलेला बिल्ला दहा मिनिटांत उसवून दुसऱ्या शर्टावर चढवता येतो. शर्ट तीन बदलले तरी बिल्ला एकच राहतो.

शिंप्यांच्या भाषेत शिवणीत राखलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. शब्द फार नेमका आहे, कारण वाढत्या अंगाच्या कपड्याचं आयुष्य तिच्यावरच चालतं. बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक गणवेशांत ही माया सेंटिमीटरभर असते, पुष्कळदा तीही ओव्हरलॉकने (कड गुंफणाऱ्या यंत्राने) कापून टाकलेली. पँटीच्या पायाला ६ सेंटिमीटर, स्कर्टच्या घेराला ७-८, बाजूच्या शिवणीला अडीच आणि पँटीच्या मागच्या शिवणीला ३ सेंटिमीटर माया ठेवली, कंबर सैल-घट्ट करता यावी म्हणून नेफ्यात काजं असलेलं इलॅस्टिक घालून आतून बटण दिलं, तर तीच पँट दोन वर्षं जाते. पायाची वाढ वर्षाला अडीच-तीन सेंटिमीटर. ६ सेंटिमीटरची दुमड दोनदा सोडता येते. जादा कापड वीतभरही लागत नाही. तुम्ही हजार गणवेशांची मागणी नोंदवता तेव्हा ही एक अट घालणं तुम्हालाच शक्य आहे. एकट्या पालकाला ती तयार कपड्यात घालता येत नाही.

दुमड सोडली की जुनी घडी रेघेसारखी दिसते, हे खरं. पॉलिस्टरचा अंश जास्त असेल तर इस्त्रीच्या उष्णतेने घडी पक्की बसते. पहिली दुमड कडक इस्त्रीने दाबू नये. सोडताना पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर मिसळून ओलं फडकं ठेवावं आणि वाफेची इस्त्री द्यावी, बरीचशी रेघ जाते. वरचं कापड विटलं असेल तर फरक राहतोच. त्या रेघेवर शाळेने बोट ठेवू नये, एवढी अपेक्षा आहे.

मापांच्या चिठ्ठ्यांवर ‘८-९ वर्षं’ लिहिणं बंद करायला लावा. एका वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलांत वीतभर उंचीचा फरक सहज असतो. युरोपात कपड्यांच्या मापांचं ‘ईएन १३४०२’ हे मानक अंगाच्या सेंटिमीटरांतल्या मापांवर आधारलेलं आहे. आपणही उंची, छाती आणि कंबर सेंटिमीटरमध्ये मागू शकतो. न बसल्यामुळे परत जाणारे कपडे निम्म्याने तरी घटतील, असा आमचा अंदाज.

बुटांबद्दल आमची तक्रार एका वाक्यात सांगता येते : दोन जोड नकोत. प्राथमिकच्या वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर, इंग्रजी मापात ८.४७, म्हणजे वर्षाकाठी एक ते दीड नंबर. नव्या बुटात अंगठ्यापुढे १०-१२ मिलिमीटर जागा सोडायची असते. त्याहून जास्त सोडली तर टाच आत घसरते, फोड येतात आणि मूल पाय ओढत चालतं. तेव्हा योग्य मापाचा बूटही बारा महिने जेमतेम पुरतो. पीटीचे पांढरे बूट आठवड्यातून एकदा घातले तर वर्षात ४० वेळा. तळ नवा असतानाच ते लहान होतात. काळा, साधा, लेस किंवा पट्टीचा खेळाचा बूट दोन्ही कामांना चालेल असं एकदा ठरवून टाका. यादीतली एक मोठी बचत या एका ओळीत आहे.

‘मग स्वस्त असतील तेव्हा पुढच्या वर्षीचेही घेऊन ठेवा’ असा सल्ला पालकांना मिळतो. तो धोक्याचा आहे. पॉलियुरेथेनचा (हलक्या, फेसाळ प्लास्टिकचा) तळ हवेतल्या दमटपणाने न वापरताही कमकुवत होतो आणि काही वर्षांनी घालताच त्याचे तुकडे पडतात. दुकानात आधीच पडून राहिलेला माल घरी आणखी वर्षभर ठेवला तर हेच होऊ शकतं. पाऊल मोजायचं ते दिवस मावळताना, मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पायांचं. मोठ्या पायाचं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं. ‘आयएसओ ९४०७’ या आंतरराष्ट्रीय मानकातली बुटांच्या मापांची मोंडोपॉइंट पद्धत हेच माप वापरते आणि तिच्यात नंबरांचा गोंधळ नाही.

वह्यांकडे वळू. यादीत सरसकट ‘२०० पानी, १२ नग’ असतं. एका विषयाच्या आठवड्याला ४ तासिका, लिहिण्याचे ३६ आठवडे, म्हणजे १४४ तासिका. त्यातल्या निम्म्यांत एकेक पान भरलं तरी वर्षात ७२ पानं होतात. २०० पानी वहीतली १२८ कोरी राहतात. त्यात प्रत्येक विषयाला वर्गपाठाची वेगळी, गृहपाठाची वेगळी, चाचणीची वेगळी. वर्षअखेरीला कोणत्याही एका वर्गाच्या वह्या गोळा करून कोरी पानं मोजून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या वर्षाची यादी त्यातूनच तयार होईल. १०० पानी वही, पुढून वर्गपाठ आणि उलट्या बाजूने गृहपाठ, पहिली संपली की दुसरी. उरलेली कोरी पानं सोडवून, मधोमध दोऱ्याने टाके घालून कच्ची वही होते. पण ‘वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या वह्या नव्या’ हा नियम तिला वर्गात येऊ देत नाही.

याचं वजनही मोजता येतं. ए-शून्य आकाराचा कागद एक चौरस मीटरचा, ए-फोर त्याचा सोळावा भाग. २०० पानी वही म्हणजे १०० कागद, सव्वासहा चौरस मीटर. दर चौरस मीटरला ६० ग्रॅमचा कागद धरला तर ३७५ ग्रॅम, पुठ्ठा वेगळा. अशा सहा वह्या म्हणजे सव्वादोन किलो. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. उरलेल्या पाव किलोत दप्तर, पुस्तकं, डबा आणि अर्धा लिटर पाणी कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा. ओझ्याने दप्तर आधी फाटतं ते पट्ट्याच्या जोडावर, नाहीतर चेन जाते. घेताना पट्ट्याचा जोड चौकोन आणि आत फुली अशा शिलाईचा आहे का ते बघावं. चेनचा नंबर ८ किंवा १० असावा (दात मिटल्यावरची रुंदी साधारण तितके मिलिमीटर भरते). ५ नंबरची चेन वह्यांच्या ओझ्याला टिकत नाही. दरवर्षी नवं दप्तर लागत नाही, पुष्कळदा नवा रनर (चेनवर सरकणारी कडी) पुरतो.

वहीचा आकार प्रमाणित ठेवा, ही छोटी विनंती. कव्हरासाठी उघड्या ए-फोर वहीचे ४२ सेंटिमीटर, कण्याचा एक, दोन्हीकडे पाच-पाचची दुमड, असे ५३ लागतात. पाच मीटरच्या गुंडाळीत नऊ वह्या बसतात. विचित्र आकाराच्या वह्यांना गुंडाळी वाया जाते. आणि विषयागणिक कव्हराचा वेगळा रंग? सहा रंगांच्या सहा गुंडाळ्या घ्यायच्या, प्रत्येकीतून दोन वह्या. रंगीत चिकटपट्टीचा तुकडा कण्यावर लावला तरी विषय ओळखता येतो.

‘चांगल्या प्रतीची पेन्सिल’ हे शब्द वाचून हसू येतं. ग्राफाइटमध्ये माती किती मिसळायची यावर शिशाचा कठीणपणा ठरवण्याची रीत निकोला-झाक काँते यांनी १७९५ मध्ये बसवली. एवढ्या वर्षांत पेन्सिल नेमकी सांगण्याची सोय झाली आहे : मध्यम कठीण ती एचबी, किंवा लहान हातांना दाब कमी लागावा म्हणून जास्त मऊ अशी २बी. पेन्सिली आणि खोडरबर झिजून संपत नाहीत, हरवून संपतात. हा खर्च वापरावर न काढता हरवण्यावर काढावा लागतो. डझनभर घेऊन घरात ठेवाव्यात आणि एकेक द्यावी.

रंगपेट्या, डिंक, कात्री हे वर्गाचं साहित्य असू शकतं. ४० मुलांच्या ४० पेट्या, प्रत्येकीत १२ खडू, म्हणजे ४८० खडू. चौघांत एक पेटी ठेवली तर १० पेट्या पुरतात. ४० डिंकाच्या बाटल्यांपैकी बहुतेक वापरून संपत नाहीत, झाकण सैल राहून आतल्या आत वाळतात. दोन मोठ्या बाटल्या आणि छोट्या वाट्या ठेवल्या की प्रश्न मिटला. कंपासपेटी मागताना इयत्ता बघा. कर्कटक आणि गुण्या ज्या इयत्तेत प्रत्यक्ष वापरतात तिथेच मागवा. त्याआधी पट्टी पुरे.

महाग पडणारी एक सूचना मात्र यादीत नसतेच. ती संध्याकाळी येते : ‘उद्या चार्ट पेपर, घोटीव कागद, रंगीत प्रिंट आणि मणी आणावेत.’ एकेक नग, किरकोळीत, रात्री, जिथे मिळेल तिथून. वर्षभराची बेरीज केली तर या सूचनांचा आकडा रंगपेटी-कंपासपेटीच्या पुढे जातो. उपक्रमाला सात दिवस आधी सूचना द्या, पर्याय लिहा (जुनी खोकी, पाठकोरे कागद, कापडाच्या चिंध्या चालतील) आणि प्रिंट मागू नका. हाताने काढलेल्या चित्रात मूल काहीतरी शिकतं, छपाईच्या दुकानात फक्त पालक उभा असतो.

पुस्तकांत लिहायच्या जागा छापल्या की ते पुस्तक एका मुलापुरतं होतं. धाकट्या भावंडाला ते देता येत नाही. स्वाध्यायपुस्तिका घ्यायलाच हव्यात असं असेल तर वर्षअखेरीला त्यातली किती पानं भरली हे तपासा. पूरक पुस्तकाची आवृत्ती निदान तीन वर्षं बदलू नका. नकाशासंग्रह आणि शब्दकोश वर्गात दोघांत एक ठेवा.

जुने कपडे पुढच्या मुलाकडे जाणं हा गणवेशाचा मूळ फायदा. पण दर दोन-तीन वर्षांनी पट्टी, कॉलर, छटा बदलून तुम्हीच तो मोडता. गणवेश बदलायचा असेल तर वर्षभर आधी जाहीर करा, सुरुवात सर्वात खालच्या इयत्तेपासून करा आणि जुना तीन वर्षं चालू द्या. सोबत शाळेत एक कपाट ठेवा. वर्षअखेरीला कपडे धुऊन आणायचे, कॉलर, कोपर, गुडघा, बूड आणि चेन या पाच जागा तपासायच्या, छाती आणि उंचीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून टाचायचं, मापांप्रमाणे रचायचं. कुणी दिलं आणि कुणी नेलं याची वही ठेवू नका. कपाट कार्यालयासमोर नको, ग्रंथालयात असू द्या आणि सगळ्या पालकांना तिथून एकदा जायला लावा, म्हणजे नेणारा वेगळा दिसत नाही. हे कपाट चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं : मापं लिहिलेली नसतात आणि ढिगाऱ्यातून उपसायला कुणाला वेळ नसतो.

ठरावीक ठिकाणाहूनच खरेदीच्या सक्तीविषयी आम्ही आरोप करत नाही, प्रश्न विचारतो. त्या व्यवहारात शाळेला काही मिळत असेल तर किती आणि ते कुठे खर्च होतं, हे फलकावर लावा. मिळत नसेल तर सक्ती कशासाठी?

एक गोष्ट तडजोडीची नाही. मोज्याची पट्टी चुकली, कव्हर दुसऱ्या रंगाचं आलं, बूट जुना आहे, म्हणून मुलाला उभं करणं, बाहेर बसवणं, वहीत शेरा मारणं बंद व्हायला हवं. खरेदी मोठी माणसं करतात. बोलायचं ते आमच्याशी बोला.

आमच्या मागण्या :

१. साहित्याची यादी शाळा सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी, नग, दर्जा, गरजेची तारीख आणि कारण यांसह मिळावी. ‘पहिल्या दिवशी सर्व’ ही तळटीप काढून टाकावी.

२. रोजचा गणवेश आणि पीटीचा पोशाख, यापलीकडे प्रकार नसावेत. समारंभाचे पोशाख शाळेने ठेवावेत आणि वापरायला द्यावेत.

३. कापडाचं मिश्रण, वजन, छटेचा नमुना आणि शिवणीतली माया जाहीर करावी. बिल्ला सुटा द्यावा. खरेदी कुठूनही करण्याची मुभा लेखी असावी.

४. काळ्या बुटांचा एकच जोड.

५. वह्यांची संख्या मागच्या वर्षीच्या भरलेल्या पानांवरून ठरवावी. अर्धवट वापरलेल्या वह्या, मागच्या वर्षीची कंपासपेटी आणि दप्तर चालेल, असं यादीच्या पहिल्या ओळीत लिहावं.

६. वर्षाच्या मध्ये येणाऱ्या मागण्यांना सात दिवसांची मुदत आणि प्रत्येक सत्राला एक कमाल मर्यादा असावी.

७. साहित्यावरून मुलांना कोणतीही शिक्षा नको.

पुढची यादी छापायला जाण्याआधी तिचा कच्चा मसुदा पालकांना दाखवा. आम्ही तो तीन दिवसांत, ओळीओळीपुढे शेरे लिहून परत करू. शिवणकाम जाणणारे पालक मापं घ्यायला आणि कपाट लावायला वर्षातून दोन दिवस येतील. त्याचं मानधन नको. वह्यांतली कोरी पानं मोजायलाही आम्ही बसू. या वर्षीच्या वह्या रद्दीत जाण्याआधी मोजणीचा दिवस तेवढा कळवा.

आपले,
यादी हातात घेऊन रांगेत उभे असलेले पालक